पीएफ-पेन्शनसाठी आर्वीचं हे ऑनलाईन सेंटर: पार्टटाईमवाल्यांनी फॉर्म भरायच्या आधी इथं दाखवून घ्या

सेंटर चांगलं आहे हे आधीच सांगून टाकतो, पाचपैकी साडेचार. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, पोरांच्या स्कॉलरशिपचे फॉर्म हे सगळं होते इथं, पण ते आता तालुक्यात कुठंही होते, त्याच्यासाठी एवढं लिहिलं नसतं. मी लिहून राहिलो ते इथल्या पीएफ आणि पेन्शनच्या कामाबद्दल, आणि त्यातही जे लोक अर्धा दिवस काम करतात त्यांच्यासाठी, म्हणजे दवाखान्यात सकाळची झाडलोट, शोरूममध्ये चार तास पोछा, होस्टेलच्या मेसमध्ये एका वेळचा स्वयंपाक अशी कामं करणाऱ्या बायामाणसांसाठी. या लोकांना धड काही कुणी सांगतच नाही. कंत्राटदार म्हणते पार्टटाईमले पेन्शन नसते, शेजारीण म्हणते काढून घे वं पैसे नाही तर बुडतीन, आणि या दोघांच्या मधात माणसाची आठ-नऊ वर्षांची नोकरी पेन्शनच्या हिशोबातून निघून जाते.

मी मामीला घेऊन गेलो होतो. मामी एका खासगी दवाखान्यात कंत्राटदाराच्या हाताखाली सफाईचं काम करते, सकाळी सात ते अकरा, पगार साडेसहा हजार. घरावरची टिनं बदलायची होती, तर तिला कुणीतरी सांगितलं की नोकरी सोड, काही महिने थांब, मग १९ नंबरचा (पीएफ काढायचा) आणि १०-सी (पेन्शनचे पैसे काढायचा) असे दोन फॉर्म भर, सगळे पैसे खात्यात येतात. फॉर्म भरून देणारे पुष्कळ आहेत, शंभर-दोनशे रुपये घेतले की त्यांचं काम संपलं. इथल्या दादानं फॉर्मचं नावच नाही काढलं, आधी विचारलं, "काकू, तुमचं वय किती अन् नोकरीले किती वर्षं झाले?"

मामी म्हणे, "बावन सरलं. नोकरी काई मोजली नाई बाप्पा, लेकीच्या लग्नाच्या आंधीपासून हाय."

मग त्यानं यूएएन नंबर, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, टाकला, ओटीपी मामीच्या मोबाईलवर आला, पीएफचं पासबुक उघडलं आणि मॉनिटर आमच्याकडं फिरवला. ही गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडली. आपलेच पैसे, आपलीच नोकरी, पण आपल्याले दाखवत कुणी नाही, काचेच्या पल्याड बसून नुसतं "होऊन जाईन" म्हणतात.

पासबुकात दर महिन्याच्या ओळीत तीन आकडे होते, ७८०, २३९ आणि ५४१. दादानं एकेका आकड्यावर पेन ठेवून सांगितलं. ७८० हे मामीच्या पगारातून कापलेले, १२ टक्के. मालकाचे पण १२ टक्केच, पण त्याचे दोन भाग पडतात, ८.३३ टक्के म्हणजे ५४१ रुपये पेन्शनमध्ये जातात आणि उरलेले २३९ पीएफमध्ये. वरून सरकार १.१६ टक्के पेन्शनमध्ये टाकते, ते पासबुकात दिसत नाही. आता पीएफचा पैसा हा तुमचाच, व्याजासकट, आज ना उद्या मिळणारच. ५४१ चं तसं नाही. त्याच्यावर तुमच्या नावानं व्याज चढत नाही, तिथं मोजतात ती नोकरीची वर्षं. ही कर्मचारी पेन्शन योजना १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू आहे, आपल्याकडं लोक तिला ईपीएस-९५ म्हणतात, आणि तिचा हिशोब असा की शेवटच्या ६० महिन्यांच्या पगाराची सरासरी गुणिले नोकरीची वर्षं आणि त्याले भागिले ७०. पण हा हिशोब लागायला नोकरी किमान १० वर्षं पाहिजे. सहा महिने किंवा त्याच्या वरचे महिने झाले की पूर्ण वर्ष धरतात, म्हणून ९ वर्षं ६ महिन्यांची नोकरी पण १० मध्ये बसते.

मामीची नोकरी निघाली ८ वर्षं ३ महिने.

म्हणजे अजून सव्वा वर्ष. फक्त सव्वा वर्ष, आणि ती नोकरी सोडायला निघाली होती! दादानं एका झेरॉक्सच्या पाठीमागं दोन्ही हिशोब लिहून दिले. आज १०-सी भरला तर पूर्ण ८ वर्षांना पगाराच्या ८.२२ पट मिळतात, म्हणजे ५३,४३० रुपये, वरच्या तीन महिन्यांचा थोडाफार फरक. एकदा घेतले की ती ८ वर्षं संपली, पुढं कुठं लागली तर एकपासून मोजणी सुरू. आणि १० वर्षं पूर्ण केली तर वयाच्या ५८ पासून दर महिन्याला पेन्शन, साडेसहा हजारावर फॉर्म्युल्यानं ९२९ च येते पण सप्टेंबर २०१४ पासून कमीत कमी १००० रुपयाचा नियम आहे म्हणून १००० धरायची. साडेचार वर्षांत ते ५३ हजार वसूल, त्याच्यापुढं जिवंत असेपर्यंत चालू, आणि तिच्यामागं मामाले पण पेन्शन. ५८ पर्यंत काम करत राहिली तर १४ वर्षांचे १३०० होतात. मामीनं तो कागद घडी घालून ब्लाऊजमधल्या पाकिटात ठेवला आणि म्हणे, "मंग टिनाचं कसं?" तर त्याच्यासाठी पीएफच्या भागातून ॲडव्हान्स काढून दिला, पेन्शनच्या पैशाला हात न लावता आणि नोकरी न सोडता. हा रस्ता आहे हे आम्हाला तोपर्यंत कुणीच सांगितलं नव्हतं.

आता पार्टटाईमचं. मी दादाले सरळच विचारलं की चार तासांच्या कामाचं वर्ष पूर्ण धरतात का अर्धं, आणि एवढ्या कमी पगारावर पेन्शन बसते तरी का. तो म्हणे आपल्या कायद्यात पगाराची खालची मर्यादाच नाही. वरची आहे, १५,००० ची, सप्टेंबर २०१४ च्या आधी ती ६,५०० होती, त्याच्या वर कितीही पगार असला तरी पेन्शनसाठी १५,००० च धरतात म्हणून मालकाकडून महिन्याला जास्तीत जास्त १,२५० पेन्शनमध्ये जातात. पण खालून काही अडवणूक नाही. तीन हजार पगार असो की साडेसहा, पूर्ण दिवस असो की सकाळचे चार तास, हप्ता जमा झाला म्हणजे तो महिना नोकरीत मोजला गेला. पार्टटाईम आहे म्हणून पीएफ नाही असं कायद्यात कुठंच नाही, कंत्राटदाराकडून लागलेल्याले पण तोच हक्क आणि पहिल्या दिवसापासून. कमी पगाराचा फटका रकमेले बसते, वर्षांले नाही. हे वाक्य गावागावात जाऊन सांगण्यासारखं आहे.

सगळीकडं असं नाही हो. माझ्या मित्राची पुतणी इंग्लंडले आहे, शिकता शिकता एका दुकानात थोडे तास काम करते, तिच्याकडून समजलं की तिकडं सरकारी पेन्शनले खालची मर्यादा आहे. २०२५-२६ मध्ये एका नोकरीत आठवड्याला १२५ पौंडाच्या आत पगार असला तर तो पेन्शनच्या वर्षात धरतच नाहीत. १२५ ते २४२ च्या मधात असला तर कपात शून्य, तरी हप्ता भरला असं समजून वर्ष मोजतात, हे मला चांगलं वाटलं. पण दोन ठिकाणी शंभर-शंभर पौंडाची कामं करणाऱ्या बाईचे ते दोन पगार सहसा एकत्र धरत नाहीत, म्हणजे घाम दोन नोकऱ्यांचा गाळायचा आणि पेन्शनचं वर्ष एकाही नोकरीतून नाही, पाहिजे तर स्वतःच्या खिशातून हप्ता भरून वर्ष विकत घ्यायचं. तिथं पण पेन्शन सुरू व्हायला १० च वर्षं लागतात, पूर्ण पेन्शनले ३५.

आपल्याकडं खालची मर्यादा माणसावर नाही, कामाच्या जागेवर आहे. २० माणसं असली तर पीएफ कायदा लागू, त्याच्या आत असली तर नाही, मालकानं आपल्या मनानं घेतला तर गोष्ट वेगळी. आणि इथंच खेळ होतो. हजेरीवर अठरा-एकोणीस नावं, बाकीचे "रोजानं येतात", "पार्टटाईम आहेत", "कंत्राटदाराचे आहेत" असं करून मोजायचेच नाहीत. अर्धा दिवसवाला माणूस पण मोजणीत माणूसच आहे, कंत्राटदाराचा पण. आणि एकदा २० झाले आणि कायदा लागला की मग संख्या १२ वर आली तरी तो सुटत नाही. हे दादानं मला नाही, बाजूले बसलेल्या एका कापड दुकानातल्या पोराले सांगितलं, मी ऐकत होतो.

मामीच्या नोकरीत अजून एक भानगड निघाली, ती सगळ्यांनी आपापल्या खात्यात पाहून घ्या. सर्व्हिस हिस्ट्रीमध्ये एनसीपी डेज म्हणून एक आकडा असते, ज्या दिवसांचा पगार मिळाला नाही ते बिनहप्त्याचे दिवस. मामीच्या जुन्या कंत्राटदाराच्या एका वर्षात तिथं १८० दिवस दिसले. मामी तर म्हणे त्या वर्षी एक दिवस घरी नाही राहिली, बाप वारला तेव्हाच चार दिवस. दादानं बराच वेळ पाहिलं, महिन्यामहिन्याचं काढलं, तर दर महिन्याले १५ दिवस. म्हणजे त्या कंत्राटदारानं अर्धा दिवस कामाचा अर्थ अर्धा महिना गैरहजर असा लावला होता. हे दिवस पेन्शनच्या नोकरीतून वजा होतात, म्हणजे मामीचे सहा महिने असेच गेले. चार तासांचा पगार दिला म्हणजे तो दिवस हजेरीचाच, त्याले एनसीपी दाखवताच येत नाही. असं किती बायांचं झालं असंल सांगा, ज्यांनी कधी हा आकडा पाहिलाच नाही!

दादानं तिथंच बसून मराठीत अर्ज टाईप करून दिला, एक कंत्राटदाराच्या नावानं आणि एक दवाखान्याच्या ऑफिसले, कारण कंत्राटी माणसाच्या पीएफची जबाबदारी शेवटी मूळ मालकावर येते. पीएफच्या तक्रार पोर्टलवर पण टाकली. दर महिन्याच्या २७ तारखेले जिल्ह्याजिल्ह्यात निधी आपके निकट म्हणून शिबिर असते, तिथं पगाराच्या नोंदीचं बँक पासबुक घेऊन जा म्हणून सांगितलं. दुरुस्ती अजून व्हायची आहे, पण कागद तरी हातात आहेत.

जिनिंगवाल्यांसाठी, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्यातल्या लोकांसाठी, मुद्दाम लिहितो कारण आपल्या वर्धा-यवतमाळकडं हे लोक हजारोंनी आहेत. कापसाचा सीझन चार-पाच महिन्यांचा, मग काम बंद, लोकांले वाटते आपली कुठली आली दहा वर्षं. तर ईपीएस-९५ मध्ये सीझनच्या कारखान्यात त्या वर्षी जेवढं काम केलं तेवढ्यावर पूर्ण वर्ष धरायचा नियम आहे. दहा सीझन पीएफ कापला गेला असंल तर ते दहा वर्षं आहेत. तिकडं गोंदिया-भंडाऱ्याच्या विडीवाल्यांचं पण पीएफ असते, त्यांच्यासाठी कपातीचा दर १२ ऐवजी १० टक्के आहे, पण पेन्शनचे ८.३३ तेच. फक्त गोष्ट एक, कंत्राटदार बदलला, मालक बदलला की नवीन खातं उघडते आणि जुनं तसंच पडून राहते, ते ट्रान्सफर करून एका यूएएनवर आणलं तरच वर्षं जुळतात. आणि दहाच्या आत नोकरी सुटली, दुसरी लगेच मिळत नाही, तरी पैसेच काढायचे असं नाही. त्याच १०-सी फॉर्मवर पैशाच्या ऐवजी स्कीम सर्टिफिकेट मागता येते, मग ती वर्षं शाबूत राहतात आणि पुढच्या नोकरीत जोडली जातात. मामीच्या बरोबरच्या दोघींनी दोन वर्षांपूर्वी पैसे काढले, एकीची नोकरी नऊच्या वर गेली होती, तिला हे सर्टिफिकेट काय असते ते कुणी सांगितलंच नाही. ऐकून जीव हळहळला खरंच.

ज्यांचा पीएफ कुठंच नाही, दुकानात दोघं-तिघं आहेत, धुणीभांडी करतात, शेतात मजुरीले जातात, त्यांच्यासाठी इथं प्रधानमंत्री श्रमयोगी मानधनचं खातं उघडून मिळते. १८ ते ४० वय, महिन्याची कमाई १५,००० च्या आत, १८ व्या वर्षी ५५ रुपये, २९ ला १००, ४० ला २०० असा महिन्याचा हप्ता, तेवढेच सरकार टाकते आणि ६० नंतर महिन्याले ३,००० पेन्शन. पण पीएफ किंवा ईएसआयसी (कामगार विमा) कापली जात असंल तर ही योजना चालत नाही, हे इथं आधी तपासतात. दुसरीकडं न विचारता उघडून देतात आणि मग माणसाले वाटते आपली दोन-दोन पेन्शन चालू आहेत. मामीच्या वयाची माणसं तर यात येतच नाहीत, म्हणून तिच्यासाठी ते १० वर्षंच महत्त्वाची.

आता १००० रुपयात होते काय, हा प्रश्न मामानं घरी विचारलाच, आणि बरोबर विचारला. सिलिंडर आणला की बीपीच्या गोळ्यांपुरतेच उरतात. २०१४ ला ठरलेला आकडा आहे तो, त्याच्यानंतर तेलाचा, डाळीचा भाव कुठल्या कुठं गेला आणि महागाई भत्ता या पेन्शनले नाही. आपल्याच बुलढाण्यात डिसेंबर २०१८ पासून ईपीएस-९५ वाले म्हातारे लोक साखळी उपोषणाले बसले, मागणी किमान ७,५०० आणि वरून महागाई भत्ता. ती मागणी माझ्या मते शंभर टक्के रास्त आहे, आणि उद्या मान्य झाली तर ती पेन्शन सुरू असलेल्यालेच लागंल. ज्यानं साडेआठ वर्षांवर पैसे काढून घेतले त्याचं नाव त्या यादीत नसंल, म्हणून मी सगळ्यांना सांगून राहिलो की दहा होऊ द्या.

सेंटरच्या तक्रारी पण लिहितो, नाही तर रिव्ह्यू खरा नाही वाटायचा. बसायले जागा नाही, बाहेर एक बाकडं आहे त्याच्यावर तिघं मावतात, बाकीचे उन्हात, आणि आर्वीचं मे महिन्यातलं ऊन म्हणजे म्हाताऱ्या माणसाचं कामच नाही. एक पाण्याचा माठ आणि हिरवं कापड बांधा दादा, एवढं करा. कुठल्या योजनेची ई-केवायसी सुरू झाली की गर्दी अशी होते की पीएफवाल्याले "संध्याकाळी या" म्हणतात, संध्याकाळी खेड्यावरची बस निघून गेलेली असते. मामीचा अंगठा मशीनवर उमटतच नव्हता, वर्षानुवर्षं फिनाईल आणि ॲसिडचं पाणी हाताळून बोटावरच्या रेघा पुसल्या गेल्या, तर सेंटरवरच्या पोरानं चारदा दाब दाब म्हणून बोट धरून दाबलं, ते मला आवडलं नाही. मग दादा स्वतः उठला, मोबाईलवर सरकारचं उमंग ॲप काढून चेहऱ्यानं ओळख पटवली आणि दोन मिनिटात झालं. हे पहिलेच करता आलं असतं. पैसे मात्र वाजवी, पासबुकची प्रिंट ३० रुपये, क्लेमचे १०० आणि पावती देतात. नुसतं विचारायचे काही घेत नाहीत.

जाताना आधारले लिंक असलेला मोबाईल स्वतःजवळ ठेवा, पोराच्या मोबाईलवर ओटीपी जात असंल तर पोराले घेऊन जा. बँकेचं पासबुक आणि जुन्या कंत्राटदाराचं काही पत्र, ओळखपत्र, पगाराची चिठ्ठी असंल ते सगळं न्या. बाजाराचा दिवस सोडून सकाळी दुकान उघडल्या उघडल्या गेलं तर दादा निवांत बोलतो. आणि नॉमिनेशन, म्हणजे वारसाचं नाव टाकायचं, राहिलं असंल तर नवऱ्याचा किंवा बायकोचा फोटो, आधार नंबर घेऊन जा आणि त्याच दिवशी करून घ्या, मामीच्या खात्यात इतक्या वर्षांत ते रिकामंच होतं.